जीवसंवेदक, शरीरधार्य व रोपणक्षम

एखाद्या विवक्षित रासायनिक पदार्थाची उपस्थिती व प्रमाण ओळखण्यासाठी जैव घटकाचा (उदा., एंझाइम, प्रतिपिंड, न्यूक्लिइक अम्ल किंवा जिवंत कोशिका) उपयोग करणाऱ्या आणि त्या ओळखीचे मोजता येण्याजोग्या विद्युतीय वा प्रकाशीय संकेतात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस जीवसंवेदक असे म्हणतात. जी प्रयुक्ती त्वचेवर, मनगटावर वा दंडावर धारण करून रुग्णाला आपले नित्याचे व्यवहार करता येतात तिला शरीरधार्य, तर जी त्वचेखाली किंवा अधिक खोल ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) बसविली जाते तिला रोपणक्षम म्हणतात. हृदयाचे विद्युतीय स्पंद, रक्तदाब, तापमान इ. भौतिक राशी मोजणाऱ्या साधनांत जैव घटक नसतो. त्यामुळे काटेकोर अर्थाने ती जीवसंवेदक नव्हेत. तथापि सामान्य व्यवहारात त्यांचीही गणना या वर्गातच केली जाते आणि दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

या सर्व प्रयुक्तींत रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण मोजणारा संवेदक सर्वांत जुना, सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वांत अधिक संशोधन झालेला होय. शरीराची रासायनिक स्थिती प्रयोगशाळेच्या बाहेर, अखंडपणे व खुद्द रुग्णाच्या हाती कशी आली, हे त्याच्या इतिहासावरून उत्तम प्रकारे समजते. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यालाच मध्यवर्ती स्थान दिले आहे.

पूर्वपीठिका : मधुमेही व्यक्तीचे मूत्र गोड असते ही गोष्ट प्राचीन वैद्यांना माहीत होती. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या प्रकारांमध्ये मधुमेहाचा अंतर्भाव असून मूत्राचे मधाशी असलेले साम्य त्यांत नोंदविलेले आहे. यूरोपात सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी ही गोडी चवीवरून ओळखली व १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी मूत्राचे बाष्पीभवन करून उरलेला पदार्थ साखरच असल्याचे दाखविले. एकोणिसाव्या शतकात फेलिंग यांचा व विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेनेडिक्ट यांचा ताम्रयुक्त विक्रियाकारक प्रचारात आला. उकळल्यावर निळ्याचा हिरवा, पिवळा व शेवटी विटकरी होणारा रंग हे पुढे अनेक दशके मधुमेहाच्या चाचणीचे परिचित चिन्ह ठरले.

१९२१ मध्ये टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये त्याचा रुग्णावर प्रथम उपयोग झाला. तोपर्यंत काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत मृत्यू पावणारी मुले जगू लागली. परंतु या औषधाबरोबर एक नवे संकटही आले. इन्शुलिनाची मात्रा गरजेपेक्षा अधिक झाल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. त्यामुळे घाम, कंप, गोंधळ, बेशुद्धी ही लक्षणे उद्‌भवतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. मूत्रपरीक्षेने हा धोका कळणे शक्य नव्हते. रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलि.मध्ये सु. १८० मिग्रॅ.पेक्षा वाढल्यावरच ते मूत्रात उतरते. शिवाय मूत्राशयात काही तास साठलेले मूत्र मागील काळाची बातमी सांगते, वर्तमानाची नव्हे. जीवनदायी पण घातकही ठरू शकणारे औषध रुग्णाने रोज स्वतः टोचून घ्यावयाचे, पण त्याचा परिणाम त्याला पाहता यावयाचा नाही, अशी ही विसंगत परिस्थिती सु. अर्धशतक टिकून होती. संवेदकाच्या शोधामागील खरी निकड ती हीच.

एंझाइम व कागदी पट्टी : १९२८ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ डेटलेव्ह म्यूलर यांनी ॲस्परजिलस नायगर या बुरशीत ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम असल्याचे दाखविले. हे प्रथिन ग्लुकोजाचे ऑक्सिडीकरण घडविते व त्या विक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. इतर शर्करांवर त्याची क्रिया जवळजवळ होत नाही. ही निवडक्षमता, त्याचे स्थैर्य आणि बुरशीपासून ते विपुल प्रमाणात मिळविता येणे या तीन गुणांमुळे पुढील सर्व विकास याच एका एंझाइमाच्या आधारे झाला. अमेरिकेतील एम्स कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ हेलन फ्री व ॲल्फ्रेड फ्री या दांपत्याने १९५६ च्या सुमारास हे एंझाइम कागदी पट्टीत मुरवून मूत्रपरीक्षेची ‘क्लिनिस्टिक्स’ ही पट्टी सिद्ध केली. १९६५ च्या सुमारास ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ ही रक्तासाठीची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवून एका मिनिटाने तो धुवावा लागे व उमटलेला रंग छापील तक्त्याशी ताडून पाहावा लागे.

रंगाची पारख प्रत्येकाच्या डोळ्यांनुसार बदलत असल्याने पट्टीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजणारा मापक १९७० मध्ये विक्रीस आला. त्याचे वजन एक किग्रॅ.पेक्षा अधिक व किंमत सु. ५०० डॉलर होती आणि तो केवळ वैद्य व रुग्णालये यांच्यासाठीच होता. रिचर्ड बर्न्स्टाइन हे अमेरिकन अभियंते बालपणापासून मधुमेही होते. त्यांनी पत्नी वैद्य असल्याचा लाभ घेऊन तिच्या नावाने असा एक मापक मिळविला व दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून इन्शुलिन व आहार यांचा मेळ घातला. आपले अनुभव प्रसिद्ध करण्यास वैद्यकीय नियतकालिकांनी नकार दिल्यावर त्यांनी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व पुढे याच विषयात वैद्यक व्यवसाय केला. रुग्णाने आपली रक्तशर्करा घरी मोजावी की नाही, याविषयी त्या काळी वैद्यांत गंभीर मतभेद होते. रुग्ण आकडे पाहून घाबरेल अथवा चुकीची मात्रा घेईल, असा एक आक्षेप होता. १९७८ नंतर गृहमापनाचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले व हा वाद हळूहळू मावळला.

क्लार्क यांचे विद्युत् अग्र : पट्टीतील विक्रिया एकदाच होते व संपते. अखंड मापनासाठी निराळ्या तत्त्वाची गरज होती. ते लेलंड क्लार्क (१९१८–२००५) या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञांनी दिले. ओहायओ राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथील अँटिऑक महाविद्यालयात ते शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तातील ऑक्सिजनाचा दाब त्यांना मोजता येत नसल्याच्या कारणावरून त्यांचा निबंध परत आला. उघड्या प्लॅटिनमाच्या अग्रावर रक्तातील प्रथिने व कोशिका साचून मापन बिघडत असे. क्लार्क यांनी प्लॅटिनमाचे अग्र व संदर्भ अग्र ही दोन्ही एकाच पातळ पटलाआड ठेवली. पटलातून ऑक्सिजन आत येई, पण रक्ताचे इतर घटक बाहेरच राहत. प्रथम सेलोफेनाचे व नंतर पॉलिएथिलिनाचे पटल वापरून सिद्ध झालेले हे ऑक्सिजन अग्र त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले.

१९६२ मध्ये क्लार्क व चँप लायन्स यांनी न्यूयॉर्क विज्ञान अकादमीच्या प्रकाशनात एक पुढचे पाऊल सुचविले. ऑक्सिजन अग्राच्या पटलालगत ग्लुकोज ऑक्सिडेजाचा थर ठेवला, तर ग्लुकोजाच्या ऑक्सिडीकरणात खर्ची पडणाऱ्या ऑक्सिजनावरून ग्लुकोजाचे प्रमाण काढता येईल, अशी ती कल्पना होती. हा प्रबंध जीवसंवेदकाचा प्रारंभबिंदू मानला जातो. त्यातील विवेचन हृदय व रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रियेतील अखंड निरीक्षणासंबंधी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. अखंड मापन हे उद्दिष्ट प्रथमपासूनच समोर होते. १९६७ मध्ये अपडाइक व हिक्स यांनी एंझाइम जेलमध्ये स्थिर करून प्रत्यक्ष अग्र बनविले व त्यास ‘एंझाइम अग्र’ हे नाव दिले. १९६९ मध्ये गिलबॉल्ट व माँटाल्व्हो यांनी याच धर्तीवर यूरिया मोजणारे अग्र बनविले. १९७३ मध्ये गिलबॉल्ट व लुब्रानो यांनी ऑक्सिजनाच्या घटीऐवजी तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मोजण्याची रीत वर्णिली. यलो स्प्रिंग्ज येथीलच एका उपकरण कंपनीने १९७५ मध्ये एंझाइम अग्रावर आधारलेला ग्लुकोज विश्लेषक बाजारात आणला. ‘बायोसेन्सर’ ही संज्ञा १९७७ मध्ये कामान यांनी रूढ केली.

कार्यतत्त्व : ग्लुकोज संवेदकात सामान्यतः तीन थर असतात. सर्वांत आत धातूचे अग्र, त्यावर एंझाइमाचा थर व बाहेर नियंत्रक पटल. ग्लुकोज पटलातून आत शिरल्यावर एंझाइमाच्या साहाय्याने त्याचे ग्लुकोनोलॅक्टोन बनते, ऑक्सिजन खर्च होतो व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. अग्रावर सु. ०·६ व्होल्ट इतके वर्चस् ठेवले असता पेरॉक्साइडाचे विघटन होऊन इलेक्ट्रॉन मुक्त होतात. त्यामुळे वाहणारा अत्यल्प विद्युत् प्रवाह ग्लुकोजाच्या प्रमाणाशी सम प्रमाणात असतो.

या साध्या योजनेत तीन अडचणी आहेत. पहिली, ऊतकांत ग्लुकोजाच्या मानाने ऑक्सिजन फारच कमी असतो. तो अपुरा पडल्यास संवेदक ग्लुकोजाऐवजी ऑक्सिजनच मोजू लागतो. म्हणून बाहेरील पटल ग्लुकोजाला अडविणारे व ऑक्सिजनाला मोकळी वाट देणारे असे योजावे लागते. दुसरी, त्याच वर्चसास पॅरासिटामॉल, ॲस्कॉर्बिक अम्ल इ. पदार्थांचेही ऑक्सिडीकरण होऊन खोटा प्रवाह मिळतो. तिसरी अडचण शरीराच्या प्रतिक्रियेची असून तिचे विवेचन पुढे केले आहे.

पहिल्या दोन अडचणींवर एक मार्ग १९८४ मध्ये सापडला. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील कॅस, हिल, टर्नर, हिगिन्झ इ. संशोधकांनी ऑक्सिजनाऐवजी फेरोसीन या लोहयुक्त संयुगाच्या अनुजातांकडून एंझाइमातील इलेक्ट्रॉन अग्रापर्यंत वाहून नेण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीवर आधारलेला लेखणीच्या आकाराचा मापक १९८७ मध्ये विक्रीस आला व रंगपट्टीची जागा हळूहळू विद्युत् रासायनिक पट्टीने घेतली. टेक्सस विद्यापीठातील ॲडम हेलर यांनी एंझाइम ऑस्मियमयुक्त बहुवारिकाच्या जाळ्यात गुंफून ते अग्राशी जणू तारेनेच जोडले. त्यांनी आपल्या पुत्रासह १९९६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने २००० मध्ये केवळ ०·३ मायक्रोलिटर रक्तावर चालणारा मापक आणला. इतके अल्प रक्त बोटाऐवजी दंडावरूनही काढता येत असल्याने वेदना पुष्कळ कमी झाली.

शरीरधार्य निरीक्षणाची इतर सूत्रे : याच काळात भौतिक राशींच्या मापनातही समांतर प्रगती झाली होती. अमेरिकेतील माँटॅना राज्यातील नॉर्मन होल्टर यांनी विद्युत् हृल्लेख (हृदयाच्या विद्युतीय क्रियेचा आलेख) रेडिओद्वारे प्रेषित करणारे यंत्र प्रथम बनविले तेव्हा त्याचे वजन सु. ३८ किग्रॅ. होते व ते पाठीवर वाहावे लागे. ट्रँझिस्टरामुळे ते लहान होत गेले आणि १९६१ मध्ये होल्टर यांनी दीर्घकालीन हृल्लेखनाची पद्धती सविस्तर प्रसिद्ध केली. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे ओके सेनिंग व रून एल्मक्विस्ट यांनी पहिला पूर्णतः रोपित पेसमेकर बसविला. १९५७ मध्ये गिळता येणारा व पचनमार्गातील दाब, तापमान यांची माहिती रेडिओने कळविणारा संपुट वर्णिला गेला. विद्युतीय यंत्र शरीरात दीर्घकाळ नांदू शकते, हा विश्वास या प्रयोगांनी दिला.

१९७४ मध्ये जपानमधील ताकुओ आओयागी यांनी दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणावरून धमनीतील रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता त्वचा न भेदता मोजण्याचे तत्त्व मांडले. त्यावर आधारलेला स्पंद-ऑक्सिमापक बोटास लावावयाच्या चिमट्याच्या रूपात कोव्हिड-१९ च्या साथीत (२०२०–२१) घरोघरी पोहोचला.

अखंड मापनाकडे : रक्तशर्करेनुसार इन्शुलिन आपोआप सोडणारे यंत्र, म्हणजेच कृत्रिम स्वादुपिंड, बनविण्याचे प्रयत्न १९६० नंतरच्या दशकात अर्नल्ड कॅडिश यांनी सुरू केले. त्यांचे यंत्र सैनिकाच्या पाठपिशवीएवढे होते. १९७७ मध्ये आलेले ‘बायोस्टेटर’ हे यंत्र रुग्णाच्या शिरेतून सतत रक्त घेऊन ग्लुकोज मोजी, परंतु ते खाटेशेजारी ठेवावे लागे व संशोधनापलीकडे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९८२ मध्ये ओसाका विद्यापीठातील मोतोआकी शिचिरी व सहकाऱ्यांनी त्वचेखाली खुपसावयाच्या सुईच्या आकाराचा संवेदक वापरून शरीरधार्य कृत्रिम स्वादुपिंडाचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्या त्वचेखालील संवेदकांचे हे मूळ रूप होय.

या संशोधनास १९९३ मध्ये मोठे बळ मिळाले. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवर १९८३ पासून चाललेल्या मधुमेह नियंत्रण व उपद्रव चाचणीचे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. रक्तशर्करेचे काटेकोर नियंत्रण केल्यास नव्याने उद्‌भवणारा दृष्टिपटलाचा विकार ७६ टक्क्यांनी व तंत्रिका विकार ६० टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. मात्र त्याच गटात ग्लुकोज अत्यंत कमी होण्याचे गंभीर प्रसंग सु. तिपटीने वाढले. दृष्टी व मूत्रपिंडे वाचवावयाची तर बेशुद्धीचा धोका पत्करावयाचा, असा हा पेच होता. दिवसातून चार वेळा बोट टोचूनही रात्रीचे सात-आठ तास अज्ञातच राहत. सायंकाळी धडधाकट असलेला तरुण मधुमेही सकाळी अंथरुणात मृत आढळल्याच्या घटनांकडे टॅटरसॉल व गिल या ब्रिटिश वैद्यांनी १९९१ मध्ये लक्ष वेधले होते. अशा मृत्यूंमागे रात्रीची ग्लुकोज-न्यूनता असावी, असा संशय घेतला जातो. मधुमेही मुलाच्या आईवडिलांनी मध्यरात्री उठून झोपलेल्या मुलाचे बोट टोचणे हा अनेक कुटुंबांतील नित्यक्रम झाला होता.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेखालील पहिल्या अखंड ग्लुकोज मापन यंत्रणेस मान्यता दिली. ती तीन दिवस चाले, परंतु नोंदी रुग्णास दिसत नसत व नंतर वैद्य त्या संगणकावर उतरवून पाहत. २००१ मध्ये मान्यता मिळालेले एक मनगटी यंत्र सौम्य विद्युत् प्रवाहाने त्वचेतून द्रव ओढून ग्लुकोज मोजीत असे. त्वचेचा दाह व घाम आल्यावर बंद पडणे या दोषांमुळे ते काही वर्षांतच मागे पडले. २००५-०६ च्या सुमारास तात्काळ आकडा दाखविणारे व पातळी खाली गेल्यास गजर करणारे संवेदक उपलब्ध झाले. २००८ मध्ये ३२२ रुग्णांवरील एका चाचणीत असे आढळले, की पंचवीस वर्षांवरील रुग्णांना अखंड मापनाचा स्पष्ट लाभ झाला, परंतु त्याहून लहान वयाच्या गटांत तो दिसला नाही. कारण त्यांपैकी पुष्कळ जण संवेदक नियमितपणे लावीतच नव्हते. साधन अचूक असणे पुरेसे नसून ते रोजच्या जीवनात सोसवणारे असले पाहिजे, हा या चाचणीचा महत्त्वाचा धडा होय.

२०१४ मध्ये यूरोपात दंडावर चौदा दिवस राहणारा व कारखान्यातच अंशांकित केलेला संवेदक आला. त्यासाठी बोट टोचून पडताळा घेण्याची गरज नव्हती. हेलर यांच्या गुंफलेल्या एंझाइमाचे तत्त्वच त्यात वापरले होते. २०१६ मध्ये संवेदकाच्या आकड्यावर अवलंबून इन्शुलिनाची मूळ मात्रा आपोआप बदलणाऱ्या पहिल्या पंपास अमेरिकेत मान्यता मिळाली. जेवणाच्या वेळची मात्रा मात्र रुग्णालाच ठरवावी लागे. या प्रगतीत रुग्णांचा वाटाही मोठा आहे. २०१३ च्या सुमारास मधुमेही मुलांच्या काही पालकांनी संवेदकाचे आकडे दूरच्या फोनवर पाहता येतील असा संगणकीय आज्ञावलींचा संच स्वतः तयार करून इतरांना विनामूल्य दिला, तर २०१५ मध्ये काही रुग्णांनी स्वयंचलित इन्शुलिन यंत्रणेची रचना खुली केली. उत्पादकांनी यातील अनेक सोयी नंतर स्वीकारल्या.

रोपणक्षम संवेदक : त्वचेतून आत जाणाऱ्या सुईऐवजी संपूर्ण संवेदकच आत ठेवण्याच्या मार्गातील मुख्य अडथळा शरीराची परकीय वस्तूविरुद्धची प्रतिक्रिया हा आहे. रोपणानंतर काही मिनिटांतच पृष्ठावर प्रथिने चिकटतात, पुढे भक्षिकोशिका जमतात व काही आठवड्यांत तंतुमय ऊतकाचे आवरण तयार होते. त्यात रक्तवाहिन्या विरळ असल्याने ग्लुकोज व ऑक्सिजन संवेदकापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. एंझाइमही कालांतराने निष्क्रिय होते. सॅन डिएगो येथील डेव्हिड गॉफ व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डुकरांत एक वर्षाहून अधिक काळ कार्यरत राहिलेल्या रोपित संवेदकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मानवी वापरासाठी मात्र निराळाच मार्ग यशस्वी ठरला. त्यात एंझाइमाऐवजी ग्लुकोजाशी उलटसुलट बंध करणारा बोरॉनयुक्त अनुस्फुरक बहुवारिक असतो व ग्लुकोजाच्या प्रमाणानुसार त्याचे अनुस्फुरण बदलते. सु. १८ मिमी. लांबीची ही नळी वैद्य दंडाच्या त्वचेखाली छोट्या छेदातून बसवितात व त्वचेवरील प्रेषक तिला ऊर्जा पुरवितो. अमेरिकेत २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी, २०२२ मध्ये १८० दिवसांसाठी व २०२४ मध्ये एका वर्षासाठी अशा संवेदकास मान्यता देण्यात आली. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांच्या फुप्फुस रोहिणीतील दाब कळविणाऱ्या, विद्युत् घट नसलेल्या रोपित संवेदकास २०१४ मध्ये मान्यता मिळाली होती.

इतर द्रवांचा शोध : त्वचा न भेदता घाम, अश्रू वा लाळ यांवरून रोगनिदान करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. घामातील क्लोराइडाच्या प्रमाणावरून पुटीमय तंतुमयता या आनुवंशिक विकाराचे निदान करण्याची १९५९ मध्ये प्रमाणित झालेली पद्धती हे या क्षेत्रातील जुने यश होय. २०१६ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी घामातील ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम व पोटॅशियम एकाच वेळी मोजणारी लवचिक पट्टी वर्णिली. मात्र अश्रूतील ग्लुकोज मोजणारे स्पर्शभिंग बनविण्याचा २०१४ मध्ये गाजावाजाने जाहीर झालेला प्रकल्प २०१८ मध्ये सोडून द्यावा लागला. अश्रूतील व रक्तातील प्रमाणांत विश्वसनीय संबंध आढळला नाही, हे त्याचे कारण होते. त्वचा न टोचता रक्तशर्करा सांगण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा कोणत्याही साधनास तोवर त्या प्रशासनाची मान्यता मिळालेली नव्हती.

मर्यादा व प्रश्न : त्वचेखालील संवेदक रक्तातील नव्हे, तर ऊतकद्रवातील ग्लुकोज मोजतो. रक्तशर्करा जलद बदलत असता त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. झोपेत संवेदकावर कूस पडल्यास तेथील रक्तप्रवाह घटून खोटा गजर होतो. प्रारंभीच्या संवेदकांतील सरासरी तफावत २० टक्क्यांच्या आसपास होती. ती आता अनेक संवेदकांत १० टक्क्यांहून कमी झाली आहे, तथापि लक्षणे व आकडा यांत विरोध दिसल्यास बोटातील रक्ताची परीक्षा करणे आजही आवश्यक असते.

मापनाची अचूकता सर्वांसाठी सारखी असतेच असे नाही. मिशिगन येथील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखविले, की स्पंद-ऑक्सिमापकाने ऑक्सिजन पुरेसा दाखविला असताना प्रत्यक्षात तो धोकादायक पातळीखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेतील कृष्णरंजक प्रकाश शोषून घेते, ही गोष्ट नवी नव्हती. तरीही या उणिवेची व्यापक दखल घेतली जाण्यास जवळजवळ अर्धशतक लागले. संवेदकाची परीक्षा कोणाच्या शरीरावर झाली, हा प्रश्न त्याच्या गुणवत्तेपासून वेगळा करता येत नाही.

किंमत हा दुसरा प्रश्न होय. ज्या देशांत सार्वजनिक आरोग्य सेवा हा खर्च उचलते तेथे प्रसार वेगाने झाला. इंग्लंडमध्ये मार्च २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व प्रौढ रुग्णांस अखंड मापन उपलब्ध करून देण्याची शिफारस झाली. भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सु. १० कोटी १० लक्ष व्यक्ती मधुमेही आहेत. चौदा दिवसांच्या एका संवेदकास काही हजार रुपये पडतात व हा खर्च बहुतेक कुटुंबांना स्वतःच करावा लागतो. त्यामुळे अखंड मापनाची सर्वाधिक गरज असलेल्या इन्शुलिनावलंबी मुलांपैकी अनेकांना आजही बोट टोचून घेण्याच्या पट्ट्यादेखील मोजूनमापून वापराव्या लागतात. उलट, मधुमेह नसलेल्या सधन व्यक्तींत कुतूहलापोटी संवेदक लावण्याची प्रथा वाढत असून त्यापासून आरोग्यास लाभ होतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

अखंड मापनामुळे रुग्णाविषयीची अखंड माहितीही जमा होते. ती उत्पादकाच्या संगणकांत साठविली जाते. तिच्यावर अधिकार कोणाचा, विमा कंपनीस वा मालकास ती मिळावी काय, हे प्रश्न अनेक देशांत विचाराधीन आहेत. शिवाय सतत आकडे पाहत राहण्याचा व गजरांचा मानसिक ताण काही रुग्णांस असह्य होतो.

गोडीची चव घेऊन निदान करणाऱ्या वैद्यापासून दंडावरील नाण्याएवढ्या संवेदकापर्यंतच्या या वाटचालीत मोजला जाणारा पदार्थ तोच राहिला. बदलला तो मोजणारा. जे ज्ञान प्रथम वैद्याच्या इंद्रियांत, नंतर प्रयोगशाळेत व पुढे रुग्णालयातील यंत्रात होते, ते अखेर रुग्णाच्या हाती आले आणि त्याबरोबर निर्णयाची जबाबदारीही आली. इन्शुलिनामुळे मुले जगू लागली, तर संवेदकामुळे त्यांच्या आईवडिलांना रात्री झोप घेणे काही अंशी शक्य झाले. हे साहाय्य ज्यांना त्याची सर्वाधिक निकड आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणे, हे या क्षेत्रापुढील सर्वांत मोठे व बव्हंशी अपुरे राहिलेले कार्य होय.